मंदाच्या हाताचा घाम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले, तर मध्येच दोनदा उठून पाणी पिऊन आले.

आधी काम काय होतं ते सांगते — तेवढाच मला वेळ मिळेल. जळगावच्या एका प्रयोगशाळेत आम्ही सिलिकॉनच्या छोट्या चकत्यांवर हिऱ्यासारख्या कार्बनचा थर द्यायचो. जाड थर टिकायचा. अगदी पातळ थर मात्र हवेत आला की बिघडायचा, पापुद्रे सुटायचे. वरच्या अणूंचा एक हात मोकळा राहतो, आणि तो हवेतली वाफ म्हणा, ऑक्सिजन म्हणा, मिळेल ते धरतो. मंदाचं म्हणणं होतं, थर जिथे चढतो ते बंद चेंबर उघडायच्या आधीच त्या मोकळ्या हातांना हायड्रोजन देऊन टाकू. मग ते बाहेरचं काही धरणारच नाहीत.

मंदा माझ्याबरोबर पीएचडी करत होती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. मला ताई म्हणायची. कल्पना तिची होती — पूर्णपणे तिची. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं का लागावीत?

आमच्याकडे एक रीत होती. चेंबरमध्ये ज्याचं काम चालू, त्याचा रुमाल दाराच्या हँडलला बांधलेला. रुमाल दिसला की दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या दुपारी मंदाचा रुमाल होता, निळ्या काठाचा. आत हायड्रोजन सोडून ती डबा खायला गेली होती. आत तिच्या चकत्या होत्या त्याच ताटलीवर माझीही एक जाड थराची चकती होती, आणि मला अमळनेरची एसटी गाठायची होती. नणंदेचा साखरपुडा होता! थांबले असते तर काय झालं असतं? सासूबाई चार शब्द बोलल्या असत्या, एवढंच ना? मी रुमाल सोडला, गॅस बंद केला, हवा आत घेतली, माझी चकती काढली. मग पंप चालवला, गॅस पुन्हा सोडला आणि रुमाल होता तसा बांधला. गाठसुद्धा तिच्यासारखीच मारली.

काही दिवसांत मंदाच्या चकत्यांवरचा थर सुटला. आम्हा दोघींच्या मार्गदर्शक सरांनी तिला ही एकच संधी दिली होती.

तुम्ही म्हणाल, घाई झाली, चूक झाली. पण मी अजून खऱ्या गोष्टीच्या आजूबाजूलाच घुटमळतेय. सरांनी विचारलं, असं कसं झालं? मंदा आपली नोंदवही चाळू लागली. आणि मी म्हणाले, "सर, हिच्या हाताला घाम फार येतो. चकत्या ठेवताना लागला असेल."

किती सहज सुचलं मला! मंदाने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. तिला माझं खरं वाटलं. त्यानंतर ती एकावर एक दोन हातमोजे घालायला लागली, तरी सरांनी तिचा विषय बदलला. नव्या विषयात तिचं मन रमेना, आणि तिने पीएचडी सोडली. मी तिला स्टँडवर पोचवायलाही गेले होते.

मग ती पद्धत मी उचलली. चालणार याची मला खात्री होती — तिची का फसली, हे मलाच तर ठाऊक होतं. थर टिकला. मी डॉक्टर झाले, धुळ्यात नोकरी लागली.

गेल्या हिवाळ्यात चोपड्याच्या एका कॉलेजात व्याख्यानाला गेले. मंदा तिथे शिकवते, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं — पण माझ्या 'खरंच'वर तुम्ही आता का विश्वास ठेवावा? नारळ देऊन स्वागत तिनेच केलं. मुलांना दाखवायला मी एक चकती नेली होती. ती या हातातून त्या हातात फिरत मंदापर्यंत आली, तेव्हा तिने हात मागे घेतले आणि हसून म्हणाली, "नको ताई, तूच धर. मन्हा हातले घाम येस ना."

मी चकती घेतली. "हो गं," म्हणाले. तेव्हाही — "हो गं"!

नारळ देताना तिचा हात माझ्या हाताला लागला होता. कोरडा होता. प्रयोगशाळेतही तो कोरडाच असायचा.