चाळीस मैलांवरचा शेजारी

माझी लेक अमेरिकेत, वायोमिंगमध्ये गुरांची डॉक्टर आहे. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. एका दुपारी आमची गाडी बर्फावरून घसरली आणि रस्त्याकडेच्या चरात रुतून बसली. फोनला रेंज नव्हती. चहूकडे बर्फातून डोकावणारं पिवळं गवत आणि वर आभाळ, एवढंच. तास झाला तरी एक वाहन दिसेना. मी घाबरले, तेव्हा लेक शांतपणे म्हणाली, "आई, येईल कोणीतरी."

आला. सत्तरीचा एक म्हातारा. काही न विचारता त्याने साखळी अडकवली आणि आपल्या ट्रकने आमची गाडी वर ओढून काढली.

"हे आपले शेजारी," लेकीने ओळख करून दिली. त्याचं घर चाळीस मैलांवर होतं.

आम्ही आभार मानले, तरी तो जाईना. खिडकीवर हात टेकून गाईंबद्दल, वाऱ्याबद्दल बोलत राहिला. मध्येच म्हणाला, "रविवारनंतर आज माणसाशी बोलतोय."

त्या दिवशी शुक्रवार होता.

इतक्या मोकळ्या मुलखात माणसाला माणूस भेटतो तो बहुधा अडचणीतच. पण अडचण नेमकी कोणाची होती, हे मला आता नीट सांगता येईना.

थंडीने माझे पाय बधिर झाले होते. मी लेकीकडे पाहिलं. तिने इंजिन बंद केलं आणि मागचं दार उघडलं.

"आत बसा ना. बाहेर वारा फार आहे."

म्हातारा टोपी काढून लगेच आत बसला.