सुतकातली तुळस

कतारच्या उत्तर टोकाला थंडी पडते, यावर दोह्यातल्या मराठी माणसांचा विश्वास बसायला वेळ लागतो. एकदा बसला की मात्र ती थंडी त्यांच्या मालकीची होते. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटतो, समुद्रावरून येऊन उघड्या माळावर धूळ उडवतो, आणि पारा दहा-बाराच्या घरात उतरतो. एवढ्यावर आमच्या वसाहतीत माकडटोप्या बाहेर पडत. स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास येई. ज्याच्या त्याच्या गावची थंडी इथल्यापेक्षा कडक होती, हे सांगण्यात संध्याकाळ जाई. गाव सोडून वीस-वीस वर्षं झालेली माणसं ही. गावची थंडी तेवढी त्यांनी जपून ठेवली होती.

कतारी लोकांची तऱ्हा वेगळी. ते थंडी अनुभवायला माळावर तंबू ठोकतात आणि मग तंबूत हीटर लावतात. हे मी हसत सांगायचो, तोवर आमच्याकडच्या कुणी तरी थंडी पडली म्हणून एसी बंद केल्याचा फोटो ग्रुपवर टाकलेला असे.

वर्ल्ड कप पुढच्या वर्षावर आला होता. जवळच तंबूच्याच आकाराचं भलंमोठं स्टेडियम उभं होतं. आमच्या वसाहतीकडे येणारा रस्ता तिसऱ्यांदा उकरला होता, आणि त्याच्या दुभाजकात लाल-पांढरी फुलझाडं लावली होती. त्यांना पाणी द्यायला नळ्या, नळ्यांना घड्याळ. येणाऱ्या पाहुण्यांना वाळवंट दिसू नये अशी सोय. नव्या खजुरांना तर गोणपाटाचे अंगरखे घातलेले. माझं काम एका सल्लागार कंपनीत, या सगळ्याबद्दलच्या अहवालांचं इंग्रजी तपासण्याचं. "वेळेत पूर्ण होईल" हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा दुरुस्त केलं, की त्याचा अर्थ माझ्यापुरता संपला होता.

बायको आणि मुलगा पुण्याला, मुलाच्या दहावीसाठी. मी एका व्हिलाच्या पुढच्या दोन खोल्यांत एकटा. शेजारी रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जाणाऱ्या इंजिनियरांची घरं. त्यातल्या एका घरातल्या नाशिकच्या वहिनी, पलीकडे सेफ्टी ऑफिसर असलेले एक काका, पुण्याचे, आणि मागच्या खोलीत कंपनीची बस चालवणारा बीडकडचा ड्रायव्हर. मराठी एवढेच.

त्याच थंडीत आई गेली. फोन भावाचा आला. जायला विमान होतं. पण साथीचे दिवस, परत येण्याच्या परवान्याची खात्री कुणी देत नव्हतं. भाऊ म्हणाला, "तू येईपर्यंत ठेवता यायचं नाही." मी हो म्हणालो. आईला मी शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. भाच्याच्या हातात फोन होता आणि चित्र सारखं अडकत होतं. भावाने तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं तेवढं मला स्पष्ट दिसलं.

समाचाराला आलेले सगळे दारातूनच बोलत, मास्क लावून. पहिला प्रश्न ठरलेला.

"कोविड, की नॉर्मल?"

"नॉर्मल," मी म्हणायचो. समोरच्याच्या चेहऱ्यावर, मास्क असूनही, हायसं वाटल्याचं दिसायचं. मग तो म्हणायचा, "थंडी काय पडलीय ना यंदा."

त्याच्या आदल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे येऊन राहिली होती. येताना रुमालाच्या गाठीत मंजिऱ्या बांधून आणल्या होत्या. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला खाली खिळ्याने भोकं पाडून तिने त्यात त्या पेरल्या, आणि तुळस वीतभर झाल्यावरच ती परत गेली. रस्त्यातली फुलं बघून म्हणाली होती, "प्यायचं पाणी समुद्रातून काढता ना रे तुम्ही? मग ही कुणाच्या लग्नाची तयारी?" तुळशीबद्दलची तिची सूचना साधी होती. "थंडीत तिला बोटभरच पाणी. म्हातारं माणूस जेवतं तेवढं." फोनवर रोज माझ्याआधी तुळशीची चौकशी व्हायची. ती गेल्यावर या देशात तिच्या हातचं असं माझ्याजवळ तो डबा तेवढा उरला होता. तुळस टिकायला हवी होती. त्या आठवड्यात मला दुसरं काही नको होतं.

पण सुतकात तुळशीला हात लावत नाहीत. मी हे मानत नाही. आई मानायची. मला तिथे जाता आलं नव्हतं, खांदा देता आला नव्हता. निदान तिचा हा नियम तरी पाळावा, असं वाटलं. म्हणून वहिनी पहिल्यांदा जेवणाचा डबा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, सुतक फिटेपर्यंत तुळशीला पाणी घालाल का.

"अहो भाऊजी, हे काय विचारणं झालं? मी बघते." मग हातातला डबा पुढे करून म्हणाल्या, "खिचडी आहे. फोडणी नाही हं घातली." सुतकातलं जेवण त्यांच्याइतकं बेचव कुणालाच करता येत नसे, आणि त्यांना त्याचा सार्थ अभिमान होता. संक्रांतीला त्या पुन्हा दारात उभ्या. "तुम्हाला यंदा सण नाही, म्हणून तिळगूळ नाही आणला. नुसते तीळ आणलेत. आणि गोड बोला म्हणत नाही. एरवी तरी तुम्ही कुठे बोलता?"

वारा वाढला तसा अंगणातला तुळशीचा डबा एकदा आडवा झाला. काकांनी ते फाटकातून पाहिलं आणि दुसऱ्या सकाळी रंगाची मोठी रिकामी बादली घेऊन आले. तुळस डब्यासकट बादलीत उतरवली, भोवती खडी भरली, आणि खिडकीतून मला म्हणाले, "आता हलणार नाही. लो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. प्राध्यापक, तुम्ही वाचा निवांत." मी प्राध्यापक नव्हतो, घरात पुस्तकं असणाऱ्याला ते प्राध्यापकच म्हणत. संध्याकाळी परत येऊन त्यांनी तुळशीभोवती प्लास्टिकही गुंडाळलं, वर पाणी घालण्यापुरतं तोंड ठेवलं, त्यावर चमकणारी पट्टी चिकटवली आणि शेजारी साइटवरचा नारिंगी शंकू ठेवला. माझ्या आईची तुळस खोदकाम चालू असल्यासारखी दिसू लागली.

मी काचेआडून पाहत होतो. प्लास्टिक आतून धुक्याने भरलं होतं. मला वाटलं, उबेत आहे. बाहेर गोणपाट नेसलेल्या खजुरांपेक्षा आमच्या तुळशीचा थाट कमी नाही, असंही मनात येऊन गेलं. हसू आलं. आईला फोन करून सांगावं म्हणून हात फोनकडे गेला, आणि मग आठवलं.

सुतक फिटलं त्या सकाळी नाशिकला गोदेकाठी भावाने विधी उरकले. मी इथे डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेलं धोतर नव्हतं म्हणून धुतलेली पँट घातली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो. प्लास्टिक सोडल्याबरोबर वास आला. तुळशीचा नव्हे, साचलेल्या गटाराचा. पानं काळी पडून फांद्यांना चिकटली होती. बादलीतल्या खडीवर पाणी उभं होतं. डब्याला आईने भोकं पाडली होती, पण बादलीला भोक नव्हतं. खोड धरलं तर ते हातात आलं, मुळं खालीच राहिली.

तेवढ्यात वहिनी त्यांचा तांब्या घेऊन आल्या.

"अगं बाई! मी तर रोज न चुकता घालत होते. सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर."

"तांब्याभर?"

"मग? देवाला का मोजून घालायचं?"

मागून ड्रायव्हर आला, बसची किल्ली फिरवत. त्याने बादलीत डोकावून जीभ चावली. "सर, मी बी घालायलो ना. ड्युटीवर जाताना एक बाटली, येताना एक. म्हणलं, सर सुतकात हायती, आजीची तुळस उपाशी नको ऱ्हायला."

"तुम्ही पण?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, माती ओली दिसते ती दवाने."

"वैनी, हितं कुठलं आलंय दव?"

"अहो, पडतं! आमच्या नाशिकला..."

काका फाटकात उभे होते. त्यांनी चष्मा पुसला. "मी फक्त वीकएंडला घालत होतो," ते म्हणाले. "आणि एकदा बुधवारी. पण मुख्य मुद्दा ड्रेनेजचा आहे. ती बादली कुणी..." पुढे ते थांबले. मग म्हणाले, "असो. याला आमच्याकडे इन्सिडंट म्हणतात. कुणावर ब्लेम टाकायचा नाही, ही पॉलिसी."

कुणावर टाकायचा, हा प्रश्नच होता. तिघांनीही पुण्य केलं होतं. एकमेकांना न विचारता केलं होतं, कारण विचारून केलं तर ते वाटून घ्यावं लागतं. आणि मी काचेआड धर्म पाळत बसलो होतो. चौघांनी मिळून, अत्यंत श्रद्धेने, तुळस बुडवून मारली. दुभाजकातली फुलं मात्र नळीच्या थेंबाथेंबावर टवटवीत होती. त्यांच्यावर कुणाची श्रद्धा नव्हती.

पुढच्या आठवड्यात भरपाई सुरू झाली. वहिनींनी दोह्यापलीकडच्या अल वक्राच्या मैत्रिणीकडून एक तुळस आणवली, कुंडीला जरीचा काठ लावून. ड्रायव्हरने दोह्यातल्या नर्सरीतून दुसरी आणली. काकांनी सुपरमार्केटातून सगळ्यात डेरेदार आणली. ती पास्त्यावर घालतात त्या बेसिलची होती. पण त्यांनी तिला हळदीकुंकू वाहिलं होतं. तिन्ही कुंड्या मी ओळीने ठेवल्या. त्यांची मला अडचण नव्हती, पण त्यातली एकही आईची नव्हती.

ते खोड टाकवत नव्हतं. उन्हात ठेवलं होतं, ते वाळलं. एका दुपारी सहज हातात घेतलं तर शेंड्याला मंजिऱ्या होत्या, वाळून तपकिरी झालेल्या. आई असती तर त्या केव्हाच खुडल्या गेल्या असत्या. झाडाच्या डोक्यावर ओझं ठेवू नये म्हणायची. सुतकात कुणी हात लावला नव्हता म्हणून त्या राहिल्या होत्या. कागदावर चोळल्या तर मोहरीपेक्षा बारीक काळं बी पडलं. तेलाचा तोच डबा धुतला, नवी माती भरली, बी पेरलं आणि वरून पाणी शिंपडलं. बोटभर.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी पावलं वाजली. वहिनी होत्या, हातात तांब्या.

"पेरलंत का? थांबा, मी घालते."

"नको," मी म्हणालो.

"अहो, थोडंसंच."

"वहिनी, या डब्याला कुणीही पाणी घालायचं नाही. तुम्ही नाही, काकांनी नाही, ड्रायव्हरनेही नाही. इतर तीन आहेत. त्यांना घाला."

इतकं लांबलचक मी त्या वसाहतीत आधी कधी बोललो नव्हतो. वहिनी तांब्या तसाच घेऊन परतल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या काकांना सांगताना ऐकू आल्या, "आई गेल्यापासून भाऊजी फार तुसडे झालेत हो."

"थंडीने होतं तसं," काका म्हणाले.

वारा पडला आणि उन्हाला धार आली, तेव्हा डब्यात चार हिरवे ठिपके दिसले. तण असेल म्हणून मी बरेच दिवस बोललो नाही, कुणाला बोलावलंही नाही. मग एका पानाला नखाने जरासं चिमटलं आणि बोट नाकाशी नेलं. खोलीत जाऊन भावाला फोन लावला.

"तुळस कशी आहे?" त्याने विचारलं. हे विचारायचं काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"बरी आहे," मी म्हणालो. "बोटभर पाणी घेते."