साखर उतरल्यावर

वडिलांच्या पायाचा अंगठा काढायचं ठरलं, तेव्हा मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की घरचा डबा चालेल का. मला काहीच वाटत नव्हतं. अजूनही त्या दिवसाची आठवण कोरडीच येते.

अप्पा मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर पंचवटीत माझ्याकडे आले, ते शुगर घेऊनच. घासभर शिऱ्याने काय होतंय, असं म्हणत वाटी पुढे करायचे आणि मी वाढायचे. मी, अकरावीला जीवशास्त्र शिकवणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग एकदा शुगरचं डोळ्यांवर आलं आणि ते घाबरले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी गोडाला हात लावला नाही. रिपोर्ट सुधारले. म्हणून तर त्यांना हे अंगठ्याचं पटेना.

"शुगर नॉर्मल हाय. मग हा काळा का पडला?"

मला उत्तर माहीत होतं, हाच वैताग. पेशीत साखर जळते, तेव्हा निघणारे काही बारीक तुकडे जनुकांच्या गुंडाळीवर जाऊन चिकटतात. कुठलं जनुक वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं, हे अशा खुणांवर ठरतं. आणि पुढे साखर कशी जळायची, ते ही वाचलेली जनुकं ठरवतात. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली, की काही खुणा पक्क्या होतात. साखर उतरते, तरी पेशी जुनंच वाचत बसते आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतच राहतात. मी त्यांना विचारलं, कारखान्यात हुकूम बदलला आणि कागद खाली पोचलाच नाही तर? माणसं जुनंच काम करत राहणार, ते म्हणाले. त्यांना कळलं होतं.

"मग माझी ही दोन वर्षं कुठं लिहिली का नाय?"

लिहिली, मी म्हटलं. जुन्या खुणा पुसायला वेळ लागतो, किती ते कुणालाच नीट माहीत नाही, हे मी गाळलं. वर्गात असं काही गाळलेलं मला खपत नाही.

नर्स पायावर खूण करायला पेन घेऊन आली. त्यांनी पाय स्वतःच पुढे केला. ती रेघ ओढत असताना मी एकदाचं बोलून टाकलं, "अप्पा, शिरा मीच वाढत होते."

ते रेघेकडे बघत राहिले.

"चांगला व्हायचा," ते म्हणाले.