सीटखालचा पेंढा

गाडी दुरुस्त करायची की भंगारात घालायची, यावर आमच्याकडे सहा महिने वाद चालला. वाद घालणारे दोघंच, बाबा आणि मी. आई गेल्या वर्षी गेली.

गाडी दोन सीटांची, वर कापडी टप असलेली, विलायती. बाबा जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होते. त्यांनी ती मुंबईत जुनी विकत घेतली आणि हौसेनं रत्नागिरीला आणली. आईला शेजारी बसवून आरे-वारेच्या समुद्रावर जायचं, एवढाच बेत. दोन-तीनदा गेलेही. मग जहाजाचं बोलावणं आलं आणि जाताना ते आईला बजावून गेले, "गाडीला ओल लागता कामा नये. दर रविवारी दारं उघडी ठेव, पुसून घे."

आई ते चुकली नाही. चुकलो मी. तेव्हा मी अकरावीत होतो, म्हणजे लहान नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आंबे पिकायला आढी आम्ही पेंढ्यात घालतो. पेंढ्यात ऊब राहते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ऊब असली की ओल कशी येईल, असं माझं शहाणपण. पावसाळ्याच्या तोंडावर मी सीटखाली, सीटमागे, हात जाईल तिथे पेंढा ठासून भरला. तोही खाडीकाठच्या खारजमिनीतला. त्या भाताच्या काडीकाडीत मीठ असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांचा मुक्काम लांबला, दोन पावसाळे गेले. ते येणार म्हणून मी पेंढा काढायला गेलो, तर तो कुजून पत्र्याला चिकटला होता. निघाला तेवढा ओरबाडून परसात जाळला. आई पडवीत उभी राहून बघत होती.

बाबांनी गाडीत पाय ठेवला आणि तो गंजलेल्या तळातून थेट जमिनीला टेकला.

"अगो, तुला एक काम सांगितलं होतं," ते आईला म्हणाले.

"ऱ्हायलं माझ्याकडनं," आई म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मीही मुकाट उभा राहिलो. ती सगळी रजा बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती ताट वाढून ठेवायची, ते जेवायचे. पुढे बोलू लागले, पण तिचं काही चुकलं की गाडी निघायचीच. मीठ जास्त पडलं तरी गाडी. तीस वर्षं.

आणि आता, ती गेल्यावर, बाबांनी गाडी दुरुस्त करायचं काढलं. मला म्हणाले, "एकदा गाडी उभी राहिली की तुझ्या आईला माफ केलं असं होईल. माझ्या मनात आता काही नाही." माफ केलं! मला संताप आला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. मी तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सुटे भाग मिळायचे नाहीत, चासी गेली आहे, तुमच्या वयाला चालवणं झेपणार नाही. सगळं खरं होतं. खरं नव्हतं ते एवढंच, की मला त्यांची काळजी होती म्हणून मी नको म्हणत होतो. दुरुस्तीला घेतली की सीटा निघणार होत्या.

ते ऐकेनात. गॅरेजवाला घरीच आला. बाबा शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दुसरी सीट उचलली तेव्हा मागच्या पत्र्याच्या पोकळीतून काळा पडलेला पेंढा बचकभर बाहेर आला.

बाबांनी तो हातात घेतला. "हा कोणी भरलान?"

गॅरेजवाला म्हणाला, उंदरांनी नेला असेल. मी हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "तिचंच काम."

मग मात्र मला राहवलं नाही. "मी भरला होता," मी म्हणालो.

ते हातातल्या काड्या चोळत राहिले. "तिला ठाऊक होतं?"

"हो. मला जाळताना बघितलं होतं तिनं."

"आणि बोलली नाही कधी."

"मीही बोललो नाही."

ते काठीचा आधार घेऊन उठले. गॅरेजवाल्यानं विचारलं, काम पुढे चालू ठेवू का. बाबा म्हणाले, "घेऊन जा भंगारात. आता कोणाला बसवायचंय त्यात."

दुपारी टेम्पो आला, तेव्हा ते खोलीतून बाहेर आले नाहीत. त्या गोष्टीला दीड महिना झाला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईच्या वेळी निदान रजा संपली की ते जहाजावर निघून जायचे. आता कुठे जाणार? दोन्ही वेळचं ताट मी त्यांच्यापुढे ठेवतो, ते खाली बघून जेवतात, आणि मी, आई थांबायची तसा, आणखी काही हवंय का म्हणून दारात थांबतो.