आवाज येस का, ताई?

“आवाज येस का, ताई?”

रविवारी सकाळी फाटकापाशी हा प्रश्न आला की मी समजायची, पलीकडच्या खोलीत प्रार्थनेचं पहिलं गाणं सुरू झालं. रविवार हा माझा केस धुवायचा वार. ओले केस सोडून मी ओट्यावर उन्हात बसलेली, आणि समोर हे भाऊ, एक पाय रस्त्यात, एक आमच्या पायरीवर. स्वस्थ उभं राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी “येतो” म्हटलं की खोलीकडे धूम. दारातून दोन्ही हात खाली दाबत “हयू, हयू!” आणि पुन्हा माझ्या फाटकाशी.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या कानांनी ऐकावं की. पण भाऊंची सगळी उमर कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात गेलेली. “मना कानवर भरवसा नही,” ते म्हणायचे. त्यांच्या कानांचं काम माझ्या गळ्यात पडलं ते असं. सुट्टीच्या दिवशी कसली ही चाकरी, म्हणून मी चिडायची सुद्धा.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचा जन्मच लूमच्या डोक्यावर झाला होता. साक्रीकडून सुरतेला आलेली तीन घरं, कारखान्याचा माळा आणि भाऊंची ढोलकी, एवढंच चर्च. रात्रपाळीचे लोक अंगाला मशीनच्या तेलाचा वास घेऊन तसेच प्रार्थनेला बसत. खाली मशीनं चालू. गाणं शेजारच्यालाही ऐकू जायचं तर मशीनच्या वर आवाज काढणं भाग होतं. काही वर्षांनी शेठने माळा गोदामाला घेतला. मशीनं मागे राहिली, गळे मात्र तसेच बरोबर आले. त्यानंतर घेतलेल्या खोलीतून त्यांना आवाजापायी काढलं आणि मंडळी भेस्तानला, आमच्या सोसायटीत आली. इथल्या मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, “फरियाद आवी, तो रूम खाली.”

खोली सुटली की दरवेळी काही घरं यायची बंद होत. भाऊंना खोलीपेक्षा तीच धास्ती. “आते उठनूत ते मंडळी तुटी जाई,” ते म्हणायचे, आणि गाणं सुरू झालं की स्वतः बाहेर पडायचे.

एकदा मी म्हटलं, “भाऊ, चर्च तुम्ही काढलंत आणि गाण्याच्या वेळी तुम्हीच रस्त्यावर?”

“आत बसनू ते मी गासूच. आनी मना आवाज सगळ्यास्ना वर जास.”

ते हसले, पण मला काही हसू आलं नाही.

एका नाताळात खोली दारापर्यंत भरली होती. ढोलकी काही केल्या आवरेना. भाऊंच्या खेपा चाललेल्या, कपाळावर घाम. मला त्यांची दया आली.

“आवाज येस का, ताई?”

“छे! मुळीच नाही.”

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. माझा पाय ओट्यावर छान ठेका धरत होता.

“तोंड काहीबी बोलस, ताई. पाय खरं बोलस!” असं म्हणून ते पळाले. मी मेली ओशाळून घरात गेले.

पुढे मंडळीने कोसाडला स्वतःची जागा केली. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, बाजूला मोकळं रान. तिथे बसलेले भाऊ मी एकदाच पाहिले, उद्घाटनाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. अजूनही रविवारी ओट्यावर मला स्वस्थ बसवत नाही. उठते, फाटकापर्यंत जाते, परत येते.

उद्घाटनाला मला पाहुणी म्हणून पुढे खुर्ची दिली होती. भाऊ माझ्या शेजारीच सतरंजीवर मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत गाण्याच्या वेळी पहिल्यांदाच आत. “आते जोरमा म्हना!” ते ओरडले. “आते आपलेले कोणी उठाडस नही!”

गाणं सुरू झालं. पण इतक्या वर्षांत लोकांना दबून गायची सवय लागली होती. कुणाचाच गळा मोकळा होईना. बायका तर ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. भाऊंनी कानामागे हात धरला. सगळ्यांचे ओठ हलताना ते बघत होते, मान इकडून तिकडे वळवत होते. मग माझ्याकडे वळले. चेहरा उतरला होता.

“आवाज येस का, ताई?”

“येतो ना! चांगला खणखणीत येतो.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या पायाकडे बघत होते.

मी घाईघाईने ठेका धरला.