हाताखालची घरघर

त्या वर्षी नवरात्रात मी घटासमोर बसायचो ते केवळ बायकोला वाईट वाटू नये म्हणून. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि उठायचं. देवीवर राग होता असं नाही. रागवायलाही समोरून उत्तर येईल अशी आशा लागते, आणि ती मी सोडून दिली होती. एकच मागणं होतं, ते वर्षभर मागून झालं होतं. माझे कान जात होते, ते राहू देत, एवढंच. ते राहत नव्हते.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आलो आणि बमरोलीत पावरलूमवर लागलो. लूमच्या शेडमध्ये माणसाचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही, तिथे ओठ बघून बोलणं समजून घ्यावं लागतं. पुढे मोटारींचं काम शिकलो आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छोटं गॅरेज टाकलं. शेडमधून सुटलो याचा मला केवढा आनंद झाला होता! पण शेडनं आपला हिस्सा आधीच काढून घेतला होता. आधी पाखरं गप्प झाली, मग भांडी, मग समोरच्या माणसाच्या शब्दांचे शेंडे. ओठ वाचायची सवय असल्यामुळे बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. फक्त बायकोला माहीत होतं. बहिऱ्या मिस्तरीकडे गाडी कोण आणणार, हा प्रश्न आम्ही दोघांनी कधी मोठ्यानं विचारला नाही. गॅरेज बंद पडलं तर परत लूमवर जायचं, आणि मग जे थोडंफार ऐकू येत होतं तेही जाणार, हे मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

अशात भिकाभाऊंची गाडी आली. भिकाभाऊ आमच्याच भागातले, पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात सुपरवायझर. हौसेनं त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती, मागच्या चाकांना ताकद जाणारी, गोल पाठीची. गिअरबॉक्समधून आवाज येत होता. मी गाडी चालू केली, मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. कुठेतरी काहीतरी गुरगुरत होतं एवढं कळलं. ते क्लच दाबल्यावर येतं की सोडल्यावर, हे मला सांगता येईना. भिकाभाऊंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मिस्तरीनं गिऱ्हाइकाला विचारायचं कसं? अंदाजानं मी क्लचचं बेअरिंग बदललं आणि गाडी देऊन टाकली.

दोन-तीन दिवसांत ते परत आले. "मिस्तरी, आवाज तसाच शे. उलट वाढना," ते म्हणाले. "अष्टमीले मायले लेवाले जानं शे. घाटमा गाडी अडकनी त म्हातारीले कोठे बसाडू?"

आमच्याकडे अष्टमीला चक्रपूजा असते. जमिनीवर धान्याचं चक्र मांडायचं, त्यावर सांजोऱ्या आणि कणकेचे दिवे, आणि कुलदेवीचं नाव. भिकाभाऊंच्या घरी चक्र आईच मांडायची. ती गावी, नवापूरच्या पलीकडे, घाट उतरून यायचं, आणि तिचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढायच्या पलीकडे गेलेले. तेव्हा अष्टमीला उजाडताच निघायचं, दुपारपर्यंत तिला घेऊन परत यायचं, असा बेत होता. मी म्हणालो, गाडी ठेवून जा. ती ठेवून गेल्यावर मी तिच्याकडे नुसता बघत बसलो.

सप्तमीची सकाळ उजाडली. चक्रपूजेची कणीक आमच्या घरी गिरणीवर जात नाही, घरच्या जात्यावरच दळतात. दरवर्षी माझी वहिनी बायकोच्या समोर बसायची. त्या वर्षी तिला विटाळ होता, म्हणून ती आली नाही. एकटीनं जड जातं ओढताना बायकोचा जीव मेटाकुटीला आला होता. मी दारात उभा होतो, पण पुरुषानं जात्याला बसायचं नाही, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात गल्लीतून एक म्हातारी चालली होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी. थांबली, आत डोकावली आणि विचारता विचारता चप्पल काढून आलीसुद्धा. "एकली काय दळस वो माय? सरक, मी बसस."

त्या दिवसांत गावाकडच्या म्हाताऱ्या लेकांकडे आलेल्या असायच्याच, म्हणून आम्हाला काही नवल वाटलं नाही. दोघी दळू लागल्या. थोड्या वेळानं म्हातारीनं हात थांबवला आणि माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाली. तिचं तोंड पदराआड होतं, मला ओठ दिसले नाहीत. मी हसून मान हलवली. ही माझी नेहमीची युक्ती. ती हसली नाही. पदर बाजूला करून नीट माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "जातं हाली राहिनं, असं म्हनी राहिनू. भाऊ, तुले ऐकू येत नई, नई का?"

इतकी वर्षं जे कुणाला कळलं नव्हतं ते हिला पीठ दळता दळता कळलं. मी काही बोलायच्या आत तिनं माझं मनगट धरून खाली बसवलं आणि तळहात जात्याच्या खालच्या दगडावर ठेवला. "ऱ्हाऊ दे ना मग. हात ठेव आठे. हातले समजस." आणि जातं फिरवलं.

प्रत्येक फेऱ्यात एका जागी दगड हलकेच उचलल्यासारखा होत होता. मधली लाकडी मेख झिजली होती. मी मेखेला चिंधी गुंडाळून दिली आणि जातं ठिकाणावर आलं. पण माझं लक्ष तिथे नव्हतंच. मला शेड आठवली. तिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, मग लूम बिघडला की आम्ही काय करायचो? चौकटीवर हात ठेवायचो. धोटा कुठे आपटतोय, पट्टा कुठे ओढतोय, सगळं हातातून कळायचं. शेडमधून सुटताना तिथलं सगळंच मी टाकून दिलं होतं, त्यात हेही गेलं. मोटारीचं काम कानांचं असतं असं उस्तादानं शिकवलं, तेच धरून बसलो.

उठलो तो थेट गॅरेजमधल्या गाडीत जाऊन बसलो. इंजिन चालू करून तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सुटलेला, हाताखाली बारीक घरघर. क्लच दाबला, घरघर थांबली. म्हणजे क्लचचं बेअरिंग निर्दोष, माझं पहिलं काम फुकट. मग गाडी सचिन गावाच्या रस्त्याला काढली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला हात थरथरत होता. चौथा टाकला आणि हाताखालचं सगळं शांत झालं. असल्या गाडीत चौथ्या गिअरला ताकद गिअरबॉक्सच्या आतल्या वरच्या दांड्यातून सरळ जाते, खालच्या दांड्यावर भार येत नाही. आजार त्या खालच्या दांड्याच्या बेअरिंगांत होता. परत येऊन तेल काढलं तर त्यात धातूची बारीक चकाकी तरंगत होती. गिअरबॉक्स उतरवला, खोलला. बेअरिंगांचे रोलर खडबडीत झाले होते, एक तर चिरलेला. घाटात त्यानं दगा दिलाच असता. उधन्याहून नवी बेअरिंगं आणली आणि दिवेलागणीपर्यंत सगळं परत बसवलं. फेरी मारली तेव्हा चारही गिअरांना हात गप्प होता.

घरी आलो तर म्हातारी केव्हाच गेली होती. दळण संपताच पाणी पिऊन उठली, असं बायको म्हणाली. कुणाकडे उतरली होती ते विचारायचं राहून गेलं. नंतर आम्ही गल्लीत, पलीकडच्या सोसायटीत विचारलं. हिरव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या दोन निघाल्या, पण ती नव्हती. "देवीच व्हती ती," बायको आजही म्हणते. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. सुरतेत इतकी माणसं येतात-जातात, त्यातली एखादी न सापडणं यात अशक्य काही नाही. पण ती आली नसती तर माझं काय झालं असतं, हे मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी हात जोडायला तिचा पत्ता माहीत असावा लागत नाही.

अष्टमीला पहाटेच भिकाभाऊ आले. गाडी चालू करून माझ्याकडे बघत म्हणाले, "आवाज गया ना?" एरवी मी ठामपणे मान हलवली असती. त्या दिवशी ते जमेना. लपवायला जी ताकद लागते ती संपली होती म्हणा, किंवा कुणीतरी काढून घेतली होती.

"भाऊ, माले ऐकू येत नई," मी म्हणालो. "मी हातवरथून काम करेल शे. तुमीच चालाडी देखा आन मंग सांगा."

त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघाले. गिऱ्हाईक गेलं, गॅरेज गेलं, असं मी मनात म्हटलं. आणि आश्चर्य म्हणजे मला त्याची भीती वाटली नाही. गेलं तर देवीचं गेलं. राहिलं तरी तिचंच राहणार होतं. मधल्या मधे मीच ते माझं समजून दाबून धरलं होतं. भिकाभाऊ एक चक्कर मारून आले, पण गाडीतून उतरले नाहीत. तसेच गावाच्या दिशेला निघून गेले.

दुपार कलली तेव्हा मी गॅरेजमध्ये पाठमोरा काम करत होतो. मागे भिकाभाऊंची गाडी आईला घेऊन आली, ती मला कळली नाही. भिकाभाऊंनी रस्त्यातूनच, अख्खी गल्ली वळून बघेल असा आवाज काढला, "मिस्तरी, माय उनी!"

ते मला स्पष्ट ऐकू आलं.