रॉडला हात लावायचा नाही

मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हा प्रकार माझ्या डोक्यात कधीच शिरला नाही. मी मालवणची. आमच्या घरात मासा आला की त्याचं तिखलं होतं, त्याला कोणी टाटा करत नाही. पण माझा नवरा पुण्याचा, जन्मात कधी मासा तोंडात न घातलेला, आणि नेमकं त्यालाच अमेरिकेत येऊन ट्राउट पकडायचं वेड लागलं. ‘मारत नाही ना आपण, सोडतो,’ हे त्याचं उत्तर. दर सप्टेंबरला तो ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर आम्ही राहतो त्या बॉथेलहून निघायचा, दिवसभर ड्राइव्ह करून आयडाहोतल्या एका नदीच्या कॅन्यनमध्ये जायचा आणि चार दिवसांनी हात हलवत, उन्हानं काळा होऊन परत यायचा. मी कधी गेले नाही. शांतपणे घर आवरायला मला तेवढेच चार दिवस मिळायचे.

तीन वर्षांपूर्वी त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं. लोकांना वाटतं या आजारात हात नुसते थरथरतात. थरथरतात, पण त्याहून जास्त ते हळू होतात. शर्टाचं एक बटण लावायला त्याला एवढा वेळ लागतो की बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. बघणारी म्हणजे मी, आणि माझ्या अंगात धीर नावाची वस्तू नाही. त्यामुळे बटणं मीच लावते. बुटाची नाडी मीच बांधते, डबा मीच उघडते. ‘मी करतो गं,’ तो म्हणतो, आणि तो म्हणेपर्यंत माझं करून झालेलं असतं.

या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तोल आणखी जायला लागला आहे, पुढच्या वर्षी वाहत्या पाण्यात उभं राहणं विसरा. या वर्षी जायचं तर एकट्यानं नाही. मित्रांपैकी एक टेक्ससला गेला होता आणि दुसऱ्याची पाठ धरलेली. उरले मी.

‘मला एकच मासा हवाय,’ गाडीत तो म्हणाला. ‘पण सगळं माझ्या हातानं. हुकाला दोऱ्याची नॉट बांधण्यापासून मासा सोडण्यापर्यंत. कोणाची हेल्प नको.’

‘बरं,’ मी म्हणाले. बोलायला काय जातं!

गाईड म्हणजे पन्नाशीची, वेणी घातलेली एक उंच बाई होती. सतत सूर्यफुलाच्या बिया चघळायची. कॅन्यनमध्ये रस्ता नाही, फोनला सिग्नल नाही. ती सकाळी आम्हाला होडीत बसवून वल्हवत आत घेऊन गेली. दोन्ही बाजूंना काळा कातळ, आपल्या घाटात असतो अगदी तसा. मधून हिरवं, थंडगार पाणी वाहत होतं. इथे कोणी मासे आणून सोडत नाही, सगळे याच पाण्यात जन्मलेले, असं ती अभिमानानं सांगत होती. मग तिनं माझ्याकडे बघून नियम सांगितला. ‘मासा लागला की रॉडला फक्त त्याचाच हात. तुमचा नाही, माझाही नाही. दुसऱ्याचा हात लागला की तो मासा त्याचा राहत नाही.’

नवऱ्यानं तिला आधीच सगळं सांगितलं असणार. दोघांनी मिळून माझा बंदोबस्त केला होता म्हणायचा.

एका गोट्यांच्या काठाशी तिनं होडी लावली. छातीपर्यंतच्या त्या रबरी विजारी घालून आम्ही उतरलो. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि गाईड त्याच्या मागे, एका हातानं त्याचा कमरेचा पट्टा घट्ट धरून. तेवढी मदत त्याला चालणार होती, कारण वाहून जाण्याची त्यालाही हौस नव्हती. मी काठावर.

आणि मग त्यानं लाईन फेकली. मी हे आधी कधी पाहिलंच नव्हतं. लाईन मागे गेली, हवेत सरळ झाली, पुढे आली, आणि पिसं-दोरा गुंडाळून केलेली ती खोटी माशी पाण्यावर अलगद उतरली. घरी चहाचा कप उचलताना बशीत सांडणारा तो हाच हात. मग मी त्याला सांगितलं की टोपी नीट घाल, ऊन लागतंय.

तासाभरानं मासा लागला. रॉड कमानीसारखा वाकला, त्यावरचं दोऱ्याचं रील गर्रकन फिरलं आणि नवऱ्याचा डावा हात त्या रीलवर पोचेचना. बोटं येत होती, पण सावकाश. त्याचा एक पाय सरकला. गाईडनं पट्टा धरलेला होता, हे मला दिसत होतं. तरीही मी धबाधबा पाण्यात शिरले आणि रॉड पकडला. नुसता पकडला नाही, चांगला ओढला. मासा गाईडच्या जाळ्यात आला. हातभर लांब, अंगावर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. इतका देखणा मासा मी बाजारात कधी पाहिला नव्हता. आणि काय सांगू, हाताला सवय असते. माझी आई मासा घ्यायच्या आधी ताजा आहे का ते जसं बघायची, तसा मी त्याचा कल्ला अंगठ्यानं उघडून बघितला. लालभडक!

गाईड अक्षरशः किंचाळली. कोरड्या हातानं माशाला हात लावायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि कल्ल्याला तर नाहीच नाही. तिनं हात ओले करून माशाला माझ्यापासून सोडवलं आणि पाण्यात धरलं. तो गेला.

‘मस्त होता,’ मी नवऱ्याला म्हणाले. ‘केवढा मोठा पकडलास!’

‘तो तुझा,’ तो म्हणाला. काठावर येऊन माझ्याकडे पाठ करून बसला.

जेवताना मी भांडले. पोळीभाजीचा डबा उघडला, त्याचाही आणि माझाही, आणि म्हणाले, ‘तू पडला असतास तर? डोकं आपटलं असतं तर? इथे ॲम्ब्युलन्स कुठून येणार होती?’

‘तिनं धरलं होतं मला.’

‘मला नाही बघवत, यार. तू धडपडताना मला नाही बघवत.’

‘माहितीये,’ तो म्हणाला. ‘म्हणून तू मला काही करूच देत नाहीस. तुला बघवत नाही, आणि मला करायचंय. मग कसं करायचं सांग.’

मी डब्यातली पोळी मोडत बसले. गाईड लांब होडीपाशी बिया चघळत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण भांडण कळायला भाषा लागत नाही.

दुपारी त्याची माशी पाण्यातल्या फांदीत अडकली आणि दोरा तुटला. म्हणजे नवी बांधायला हवी. तो काठावरच्या दगडावर बसला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि केसासारखा तो दोरा तांदळाच्या दाण्याएवढ्या हुकाच्या नेढ्यात घालायला लागला. दोरा डाव्या बाजूनं जायचा, उजव्या बाजूनं जायचा, नेढ्यात काही जायचा नाही. मी आयुष्यभर सुईत दोरा ओवलाय. माझं दोन सेकंदांचं काम होतं. मी त्याच्यासमोर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर चक्क बसून राहिले.

दोरा आत गेला. पीळ देताना बाहेर आला. परत गेला. ऊन समोरच्या कातळावर चढत चाललं होतं आणि आमच्या बाजूला सावली पडली होती. एकदा माशीच हातातून निसटून गोट्यांमध्ये पडली. ती मला दिसत होती, त्याला दिसत नव्हती. मी ओठ चावला. त्यानं ती शोधली. माझे हात मुंग्या येऊन बधिर झाले होते. गाईड येऊन उभी राहिली. नॉट बसला तेव्हा त्यानं तो ओढून बघितला, दातानं जास्तीचा दोरा तोडला आणि आमच्याकडे न बघता पाण्यात गेला.

मासा लागला तो अगदी आम्ही निघायच्या बेतात असताना. परत तेच. रॉड वाकला, बोटं रीलकडे निघाली, सावकाश, अगदी सावकाश. मासा पळत होता. ‘पळू दे त्याला,’ गाईड हळूच म्हणाली. मी काठावर बसून होते आणि मला रडू येत होतं, भीतीनं की रागानं ते सांगता येणार नाही. बोटं पोचली.

वीतभर होता. माझ्या माशाच्या निम्मासुद्धा नाही. नवऱ्यानं हात पाण्यात बुडवले, मासा जाळ्यातून घेतला आणि तोंड प्रवाहाकडे करून पाण्याखालीच धरला. थकलेला मासा असा धरावा लागतो, त्याच्या अंगात ताकद आली की तो आपण होऊन जातो. त्याचे हात थरथरत होते, माशाला त्याचं काही नव्हतं. मग शेपटी हलली आणि ओंजळ रिकामी झाली.

‘बघितलास?’ त्यानं मागे वळून विचारलं.

‘बघितला. माझा मोठा होता.’

तो एवढा हसला की गाईडला पट्टा दोन हातांनी धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलमध्ये मी पलंगावर बसले होते. नाश्ता नऊला बंद होणार होता. तो आरशासमोर उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. वरून तिसरं चुकलं आणि मग पुढची सगळीच चुकत गेली. कॉलर एका बाजूला वर, शर्ट खाली लोंबलेला. शेवटचं बटण लावून तो माझ्याकडे वळला.

‘लागली ना नीट?’

‘लागली,’ मी म्हणाले, आणि आम्ही तसेच नाश्त्याला गेलो.